बोली आमची, विद्या कोणाची?

शेतकऱ्याच्या किंवा कारागिराच्या घरांत मुलगा पदवीधर झाला, कीं पुढें त्यानें काय शिकावें याचा खल ओट्यावर सुरू होतो. कोणी म्हणतो, बी. एड. कर, कोणी म्हणतो, तलाठ्याच्या परीक्षेला बैस, कोणी पोलीसभरतीचें मैदान दाखवितो. मुलगी असेल तर नर्सिंगचें नांव निघतें, नाहीं तर लग्नाचें. या यादींत भाषाशास्त्राचें नांव कोणी घेत नाहीं. चुकून एखाद्या पोरानें घेतलेंच, तर बाप विचारणार, "भाषा तर आपल्याले येतेच, ते आनखी काय शिकाची?" बापाचा प्रश्न रास्त आहे. ज्या घरांत कपाशीच्या पैशांवर पोराची फी भरली जाते, त्या घराला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. त्याचें उत्तर सरळ शब्दांत द्यावें म्हणून आजचा हा लेख.

भाषाशास्त्र म्हणजे पुष्कळ भाषा बोलतां येणें नव्हे, आणि अलंकारिक लिहिणें तर नव्हेच. विद्यापीठांतून याला भाषाविज्ञान असेंही म्हणतात. माणसाच्या तोंडून निघणारें बोलणें कसें बनतें, याचा पद्धतशीर शोध करणारी ही विद्या आहे. आपल्या घरचेंच उदाहरण घ्या. तीन-चार वर्षांचें लेकरूं अंगणांत उभें राहून सांगतें, "बैल आला, गाय आली, वासरूं आलें." आला, आली, आलें हे तीन भेद त्याला कोणीं शिकविले? त्याच्या आईनें व्याकरणाचें पुस्तक कधीं उघडलें नाहीं, आजीला तर अक्षरओळखही नव्हती. तरी लेकरूं चुकत नाहीं. इंग्रजींत बैल, गाय आणि वासरूं या तिघांनाही एकच क्रियापद चालतें. मराठींत चालत नाहीं. म्हणजे निरक्षर घरांतसुद्धां रोज शेंकडों नियम बिनचूक पाळले जातात, आणि पाळणाऱ्याला त्याची वार्ताही नसते. हे दडलेले नियम उजेडांत आणून कागदावर मांडणें, हें भाषाशास्त्राचें काम होय.

विद्यापीठांत या विषयांत काय शिकवितात, तेंही सांगतों. ओठ, दांत, टाळू आणि जीभ यांनीं कोणता ध्वनि कसा निघतो. शब्द कसे घडतात. वाक्य कसें जुळतें. अर्थ कसा लागतो. भाषा शेंकडों वर्षांत कशी बदलते. कोणती भाषा कोणाची बहीण व कोणाची शेजारीण. एकच भाषा गांवोगांव, जातीजातींत आणि धंद्याधंद्यांत निराळी कां होते. आणि जी भाषा कधीं लिहिलीच गेली नाहीं, ती नुसती ऐकून तिचें व्याकरण कसें बांधावें. हें शेवटचें काम सर्वांत अवघड. आणि वाचकहो, त्यासाठीं जगांतील मोठमोठ्या विद्वानांची नजर आमच्याच जळगांव जामोद तालुक्यावर लागलेली आहे. तें पुढें सांगूं. आधीं एक घरची गोष्ट निकालांत काढली पाहिजे.

आमच्या वऱ्हाडांतील मूल शाळेंत "मले" म्हणालें कीं "मला म्हण" अशी दटावणी होते. "डोया" म्हणालें कीं वर्ग हंसतो. "काहून" म्हणालें कीं वहींत तांबडी रेघ उठते आणि बाजूला शेरा पडतो, "अशुद्ध!" मूल काय समजतें? माझी आई अशुद्ध, माझा बाप अशुद्ध, माझें घर अशुद्ध. मग तें वर्गांत तोंडच उघडीत नाहीं, आणि आम्हां गांवच्या शिक्षकांना वाटतें कीं मूल मठ्ठ आहे. भाषाशास्त्र काय सांगतें तें पाहा. वऱ्हाडी बोलणारा "डोळा" चा "डोया" करतो, "शाळा" ची "शाया" करतो, "काळा" चा "काया" करतो. जेथें पुण्याकडे ळ येतो तेथें त्याच्या तोंडीं य येतो. वाटेल त्या अक्षराच्या जागीं येत नाहीं. याला जिभेचा आळस म्हणत नाहींत, याला नियम म्हणतात. मला, तुला, त्याला यांचें मले, तुले, त्याले होतें, तेंही त्याच शिस्तीनें. आणि हाच "ले" शेजारच्या खानदेशांत अहिराणीच्याही तोंडीं आहे. पुण्याचा "ला" जितका नियमानें चालतो, तितकाच आमचा "ले" नियमानें चालतो. मग एक शुद्ध आणि दुसरा अशुद्ध कशावरून? छापखाने, शाळाखातें आणि क्रमिक पुस्तकें ज्या शहराच्या हातीं गेलीं, त्या शहराचें बोलणें प्रमाण ठरलें. एवढाच त्यांतील शास्त्रार्थ!

प्रमाण भाषा टाकून द्या असें आम्ही म्हणत नाहीं. सातबाराचा अर्ज, न्यायालयाचा कागद, परीक्षेचा पेपर, यांसाठीं सर्व महाराष्ट्राला कळेल अशी एक लिहिण्याची रीत पाहिजेच, आणि ती आमच्या मुलांना उत्तम आली पाहिजे. परंतु लग्नाला जातांना नवा सदरा घालावा म्हणून रोजच्या अंगरख्याला कोणी पातक म्हणत नाहीं. शुद्धतेचा टेंभा मिरविणारांनीं आपल्या शब्दांची कुळकथाही एकदां तपासावी. "जमीन" फारशींतून आली, "तूप" कानडींतून आलें, "बटाटा" पोर्तुगिजांनीं आणला. सुताराच्या हातांतला "रंधा" फारशी आणि "गिरमिट" इंग्रजी. भाषा ही नदीसारखी आहे. चार ओढे मिळाल्यावांचून ती वाहतच नाहीं.

या शुद्धाशुद्धाच्या शस्त्राचा वार आमच्या समाजानें पूर्वींच सोसला आहे. जोतीराव फुले यांनीं शेतकऱ्याला कळेल अशा बोलींत पुस्तकें लिहिलीं, तेव्हां विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं निबंधमालेंत त्या भाषेची टर उडविली. मजकुराला उत्तर देणें जड गेलें कीं व्याकरणावर बोट ठेवावें, ही युक्ति जुनी आहे. भाषाशास्त्र शिकलेला एक जरी मनुष्य त्या वेळीं आमच्यांत असता, तर त्यानें सांगितलें असतें कीं, शास्त्रीबुवा, ही चूक नव्हे, ही बोली आहे, आणि तिचे नियम असे असे आहेत. ज्ञान दुसऱ्याच्या हातीं असलें म्हणजे आपली जीभसुद्धां आपल्यावर उलटते. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं मागणी केली कीं प्राथमिक शिक्षण खेड्यापाड्यांत न्यावें आणि शिक्षक शेतकरी वर्गांतून घ्यावे. त्या मागणीचेंच पुढचें पाऊल म्हणजे आमच्या भाषेचे अभ्यासक आमच्यांतून निघावे.

आतां आमच्या तालुक्याची गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याशीं जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा या बाजूला निहाल लोकांची वस्ती आहे. डोंगरापलीकडे मध्यप्रदेशांतील बऱ्हाणपूर जिल्ह्यांत तेंबीच्या आसपासही आहे. आम्ही त्यांना बाजारांत पाहतों, मजुरीवर पाहतों. ते आपसांत कांहीं निराळें बोलतात हेंही आम्ही ऐकतों आणि कोरकूच असेल म्हणून सोडून देतों. परंतु तें कोरकू नव्हे. ती निहाली. आपल्या देशांतील बहुतेक भाषा कोणत्या ना कोणत्या कुळांत बसतात. मराठी-हिंदी एका कुळांतल्या. कानडी, तेलुगु आणि गोंडी दुसऱ्या. कोरकू ही तिकडे झारखंडांतील संथाली-मुंडारीच्या कुळांतली. निहाली मात्र कोणत्याच कुळांत धड बसत नाहीं. तिनें शेजाऱ्यांकडून पुष्कळ उसनें घेतलें आहे. सर्वांत अधिक कोरकूकडून. दोन आणि चार या आंकड्यांचे तिचे शब्द द्राविड भाषांशीं जुळतात. परंतु सारें उसनें बाजूला काढलें तरी सुमारें चौथा हिस्सा शब्द असे उरतात, कीं त्यांचें नातें कोणाशींच लागत नाहीं. पाण्याला "जोप्पो", डोळ्याला "जीकी". हे शब्द मराठींत नाहींत, कोरकूंत नाहींत, गोंडींत नाहींत. आज आपण बोलतों त्या भाषा या मुलखांत पसरण्यापूर्वीं येथें जे लोक होते, त्यांच्या बोलीचा हा उरलेला अंश असावा, असा कांहीं अभ्यासकांचा तर्क आहे. जगांत अशा एकट्या भाषा थोड्याच आहेत. आणि त्यांतील एक आमच्या तालुक्यांत, आमच्या बाजाराच्या रस्त्यावर बोलली जाते. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा म्हणतात तो हाच.

या भाषेचा अभ्यास कोणीं केला? ग्रिअर्सनसाहेबांनीं १८९४ सालीं हिंदुस्थानच्या भाषांची पाहणी हातीं घेतली आणि १९०३ पासून १९२८ पर्यंत तिचे खंड निघाले. १९०५ च्या सातव्या खंडांत मराठी व तिच्या बोली, आमची वऱ्हाडी धरून, आल्या. १९०६ च्या चौथ्या खंडांत कोरकूजवळ निहालीची नोंद झाली. पुढें सुधिभूषण भट्टाचार्य यांनीं १९५० नंतरच्या दशकांत प्रत्यक्ष जाऊन ती टिपली. १९६२ सालीं हॉलंडच्या कायपर नांवाच्या पंडितानें तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. आशा मुंडले यांनीं तिचे शब्द जमविले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. एस. नागराज यांनीं २०१४ सालीं तिचें व्याकरण, गोष्टी आणि शब्दसंग्रह असें पुस्तक प्रसिद्ध केलें. तेथलेच शैलेंद्र मोहन यांनींही तिचें ध्वनिमुद्रण व नोंदणी केली. या सर्वांचे उपकार आहेत. त्यांनीं पायपीट केली नसती तर ही भाषा कागदावर आलीच नसती. परंतु वाचकहो, या नांवांत निहालाचें एकही नांव नाहीं. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा.

याचा परिणाम काय होतो तेंही पाहा. कायपरसाहेबांनीं एक मोठी गोष्ट केली: या भाषेचा गाभा दुसऱ्या कोणाचा नसावा, हें त्यांनीं प्रथम सुचविलें. परंतु त्याच पुस्तकांत असाही तर्क केला, कीं ही बोली म्हणजे चोरांच्या सांकेतिक भाषेसारखी कांहीं असावी. दुसऱ्यांनीं गोळा केलेल्या शब्दांवरून सातासमुद्रांपलीकडे बसून केलेला हा तर्क! ज्या देशांत १८७१ च्या कायद्यानें जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या गेल्या, आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलें, तेथें असा शब्द हलका नसतो. पुढें नागराज यांनीं तिचें पुरें व्याकरण मांडलें, आणि घरांत, रानांत, सुखदुःखांत बोलली जाणारी ती सबंध भाषा आहे हें पानोपानीं दिसून आलें. चोरांची भाषा! आई लेकराला जिच्यांत निजविते ती चोरांची भाषा काय? निहालांचा एखादा मुलगा विद्यापीठाच्या त्या सभेंत बसलेला असता, तर हा तर्क मांडणाऱ्याला चार वेळां विचार करावा लागला असता.

सरकारदरबारींही तीच कथा. अनुसूचित जमातींच्या यादींत निहालांचें नांव कोरकूंच्या नोंदींत जोडलेलें आहे. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत दहा हजारांहून कमी लोकांची भाषा स्वतंत्र दाखविलीच नाहीं. ती "इतर" मध्यें गेली. निहाली बोलणारे अंदाजें दोन-अडीच हजार. म्हणजे जगाच्या पंडितांना जिची किंमत कळते, ती आमच्या सरकारी तक्त्यांत दिसत नाहीं. युनेस्कोनें मात्र तिला धोक्यांत आलेल्या भाषांत धरलें आहे. तो धोका कसा असतो? २०१० सालीं अंदमानांत बोआ नांवाची एक म्हातारी वारली. "बो" ही भाषा येणारी ती शेवटची व्यक्ति. अन्विता अब्बी या भाषाशास्त्रज्ञ बाईंनीं तिचे शब्द व गाणीं टिपून ठेविलीं म्हणून तेवढीं राहिलीं. उलट बाजू पाहा. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर बास्क नांवाची भाषा आहे. तीही निहालीसारखी कुळाविना एकटी. परंतु तिच्या लेकरांनीं तिच्यासाठीं हट्ट धरला. १९७९ पासून तिला स्पेनमधील बास्क मुलखांत सरकारी दर्जा आहे. शाळा, विद्यापीठ, दूरचित्रवाणी सर्व तींत चालतें. दोघी भाषा एकट्याच. फरक एवढाच कीं एकीचीं लेकरें शिकलीं, दुसरीचीं अजून शिकावयाचीं आहेत.

आमचे शेतकरी व कारागीर बंधु म्हणतील, निहालांचें ठीक, आमचा यांत संबंध काय? संबंध आहे. निहालांची भाषा घाऊक मरत आहे, तुमची किरकोळीनें मरत आहे. ट्रॅक्टर आला, तिफण, वखर, डवरा ओसरीच्या आढ्यावर गेले, आणि त्यांच्या अंगाउपांगांचीं नांवें आज वीस वर्षांच्या पोराला सांगतां येत नाहींत. लोहाराचा भाता, ऐरण, सांडशी, सुताराचा वाकस, पटाशी, कुंभाराचा आवा, कोष्ट्याच्या मागावरचा धोटा, या एकेका शब्दामागें पिढ्यांचें कसब आहे. शहरांतल्या कोशकाराला हे शब्द ठाऊक असतील तर ऐकून. तुम्हांला ते हातानें ठाऊक आहेत. हा माल तुमचा आहे. तो नोंदण्याची विद्या मात्र तुमच्या घरांत नाहीं.

आतां राहिले आक्षेप. पहिला, पोट भरेल काय? खोटी आशा आम्ही लावीत नाहीं. या विषयाच्या जागा थोड्या आहेत, आणि एम. ए. होतांच पगार सुरू होईल असें समजूं नये. परंतु विद्यापीठांतील अध्यापनासाठीं जी राष्ट्रीय नेट परीक्षा होते, तींत भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. १९६९ सालीं स्थापन झालेली म्हैसूरची भारतीय भाषा संस्था या कामासाठींच आहे. शिवाय आतां यंत्राला आपली भाषा शिकविण्याचें नवें काम निघालें आहे. फोनमध्यें बोललेलें लिहून घेणें, एका भाषेंतून दुसरींत आणणें, यासाठीं केंद्रसरकारनें २०२२ सालीं "भाषिणी" हा उपक्रम काढला. जें यंत्र पुण्याची मराठीच ओळखील, तें वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा पीकविम्याचा प्रश्न धड ऐकणार नाहीं. तें ऐकावें म्हणून आमच्या बोली जाणणारीं शिकलेलीं माणसें लागतील. आणि २०२० चें शैक्षणिक धोरण म्हणतें कीं शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत मुलाला घरच्या भाषेंत शिकवावें. सात लाखांहून अधिक लोक कोरकू बोलतात. त्यांच्या मुलांचीं पुस्तकें कोण लिहिणार?

दुसरा आक्षेप, हा विषय इंग्रजीचा. पुस्तकें बहुतेक इंग्रजीत आहेत हें खरें, आणि इंग्रजी शिकावीच लागेल. परंतु पायवाट मराठींतही आहे. ना. गो. कालेलकर यांचें "भाषा: इतिहास आणि भूगोल" हें पुस्तक १९६४ सालीं निघालें आणि त्याला १९६७ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. त्यांचें "ध्वनिविचार", अशोक केळकरांचें "वैखरी", हींही मराठींतच आहेत. पदवीच्या वर्गांतील विद्यार्थ्यानें तालुक्याच्या ग्रंथालयांत हीं मागावीं. नसतील तर मागणीचा अर्ज द्यावा.

तिसरा आक्षेप, ही पंडितांची विद्या, आपल्याला झेपावयाची नाहीं. या आक्षेपाचा इतिहास मजेचा आहे. पेशव्यांच्या वेळीं ब्राह्मणांना वांटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या फंडांतून १८२१ सालीं पुण्यांत हिंदू कॉलेज म्हणून संस्कृत पाठशाळा निघाली. तिचेंच पुढें डेक्कन कॉलेज झालें. तें १९३४ सालीं बंद पडलें, आणि १९३९ सालीं संशोधनसंस्था म्हणून पुन्हां उघडलें; तेव्हांपासून आधुनिक भाषाशास्त्राचें तें देशांतील मोठें केंद्र आहे. १९९० पासून त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. ज्या दक्षिणेंत कुणब्या-माळ्याचा, सुतार-लोहाराचा वांटा नव्हता, तिच्यांतून उगवलेल्या झाडाखालीं आज कोणाही जातीचा पदवीधर बसूं शकतो. दार उघडें आहे. आंत जाणारे पाय आमचे नाहींत, एवढेंच. आणि जवळ पाहावयाचें तर अमरावती जिल्ह्यांत रिद्धपूर येथें २०२४ पासून मराठी भाषेचें विद्यापीठ सुरू झालें आहे. त्याच वर्षीं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दर्जा मिळाला, फेटे उडाले. आतां त्या दर्जाचें धान्य वऱ्हाडीच्या, अहिराणीच्या, कोरकू-निहालीच्या पदरांत किती पडतें, हें विचारणारा आमच्यांतला कोणी जाणता नको काय? नाहीं तर आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, ही म्हण आम्हींच खरी करूं.

म्हणून आमचें सांगणें थोडक्यांत असें. आईबापांनीं पदवीधर मुलामुलींच्या यादींत या विषयाला एक ओळ द्यावी. दहांतलें एक पोर तिकडे गेलें तरी पुष्कळ. प्रवेशाचे नियम व सरकारी शिष्यवृत्त्या यांची चौकशी वेळेवर करावी, निकाल लागल्यावर धांवपळ करूं नये. शिक्षकबंधूंनीं "मले" म्हणणाऱ्या मुलाला हंसूं नये. फळ्यावर "मले" आणि "मला" शेजारीं लिहावे आणि कोठला केव्हां वापरावा तें शिकवावें. मूल दोन्हीं शिकतें. कॉलेजांतील मुलांनीं उन्हाळ्याच्या सुटींत आपल्या आजोबांजवळ वही घेऊन बसावें आणि औतांचीं, हत्यारांचीं, गवतांचीं, पिकांवरच्या रोगांचीं नांवें लिहून घ्यावीं. ही भाषाशास्त्राची पहिली इयत्ता, आणि तिला फी नाहीं. सरकारनें निहालांची व निहालीची मोजणी स्वतंत्र करावी आणि निहाल मुलामुलींना या शिक्षणासाठीं पुरी शिष्यवृत्ति द्यावी. आणि ज्या संस्थांनीं आमच्या वस्त्यांतून शब्द, गाणीं, गोष्टी नेल्या, त्यांनीं त्यांची एक प्रत देवनागरींत छापून त्या त्या गांवच्या शाळेंत ठेवावी. उधारीवर नेलेलें बियाणें पेरणीपूर्वीं परत करावें, ही आपल्या खेड्यांतली रीत आहे.

शेत आपलें, नांगर आपला, आणि सातबारा मात्र दुसऱ्याच्या नांवावर, हें दुःख आमच्या वाचकांना कोणी समजावून सांगावयास नको. बोलीचेंही तसेंच आहे. तिच्या उताऱ्यावर आपलें नांव चढवून घेण्याचा रस्ता विद्यापीठांतून जातो. ज्या घरांत यंदा कोणी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असेल, त्या घरानें एवढी गोष्ट पोराच्या कानावर घालावी. पुढचें पोर आणि त्याची अक्कल पाहून घेतील.